माजूराचा धडा

आमच्या घरात कापूस नाही अशी जागा नव्हती. भाकरीवर कापूस, वरणात कापूस, आणि अब्बांच्या भुवयांवर तर तो असा बसलेला असायचा की ऐन उमेदीतही ते म्हातारे दिसायचे. आम्ही पिंजारी. ताडकळसच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव, आणि त्या गावातल्या झाडून साऱ्या लग्नांच्या गाद्या अब्बांच्या हातच्या. सकाळी ते पिंजण टांगून बसले की त्याच्या ताणलेल्या तातीचा ताँय-ताँय आवाज गल्लीभर घुमायचा, आणि अम्मा चुलीपाशी बसून ज्वारीच्या भाकरी थापत कापसाला शिव्या घालायची. घरात आमची बोली निम्मी दखनी, निम्मी मराठी. लाडात आलो की दखनी आणि भांडताना मराठी, असा काहीतरी हिशेब होता. इथं मी सगळं मराठीतच लिहितेय. जन्मभर मराठी शाळेत मास्तरीण होते, हाताला तेच वळण आहे.

पण अब्बांचा गावातला मान पिंजणाचा नव्हता. मुसलमानांची घरं मोजकी, मौलवी ठेवायची ऐपत कुणाची नव्हती, तेव्हा नमाज पढवायला अब्बाच पुढं उभे राहायचे. पेशमाम म्हणायचे त्यांना सगळे, हिंदूसुद्धा. मशीद म्हणजे पांढऱ्या मातीची एक खोली आणि पुढं ओटा, आमच्या भिंतीला भिंत लावून. संध्याकाळच्या नमाजीत अब्बा मोठ्यानं पढायला लागले की इकडे अंगणात अम्मा आणि मी हातातलं काम हळू करायचो. काय आवाज होता! बोलताना साधा, खरखरीत, कापसानं घसा बसलेला. पढायला लागले की तोच आवाज कुठून तरी खोलातून यायचा आणि अंगावर काटा उभा राहायचा. पलीकडच्या पारावर बसलेले देवरावकाका तो ऐकून उठायचे. "पेशमाम लागले बघा. चला, धारा काढायच्यात," म्हणायचे. गावाचं घड्याळच होतं ते.

गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढं काय, तर घरी बसायचं आणि स्थळ यायची वाट बघायची. घरी बसून मी अम्माचं डोकं खायला लागले तेव्हा तिनं मला उस्तानीमांकडे धाडलं. उस्तानीमा म्हणजे परभणीत नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली बाई. उंच, काळीसावळी, तोंडात सदा सुपारी. दुपारी त्यांच्या ओसरीवर आम्ही चार पोरी किताब घेऊन बसायचो. मला वाटलेलं, दीनधर्म शिकायचा म्हणजे जन्नत, दोजख, फरिश्ते असं काहीतरी जबरदस्त असणार. पहिलं पान उघडलं तर काय निघालं? पाणी! कोणतं पाणी पाक, कोणतं नापाक, विहिरीत उंदीर पडला तर काय, मांजरानं तोंड घातलं तर काय. मग संडासला गेल्यावर कसं धुवायचं, ते. आम्ही पदरात तोंडं खुपसून फिदीफिदी हसायला लागलो. उस्तानीमांनी सुपारी गालात सरकवली आणि म्हणाल्या, "हसून घ्या. पोटभर हसा. मी बसलेय." असं म्हटल्यावर कुणाला हसू येतंय? मग त्यांनी तो धडा असा शिकवला की जणू वरणाला फोडणी कशी द्यायची ते सांगतायत. ना आवाज खाली, ना नजर खाली.

आणि खरं सांगते, त्या पाण्यानंच मला येड लावलं. एवढा मोठा दीन, आभाळाएवढा, आणि तो माझ्या नखात वाळलेल्या पिठाची दखल घेतो! भाकऱ्या थापून उठलं की नखाखाली पीठ वाळतं, त्याखाली पाणी पोचत नाही, म्हणून ते काढल्याशिवाय वजू, म्हणजे नमाजीआधीचं हात-तोंड-पाय धुणं, होत नाही. मेंदीचा रंग मात्र चालतो, कारण रंग पाण्याला अडवत नाही. बोटातली अंगठी घट्ट असेल तर फिरवायची. पायाच्या बोटांच्या सांदीत करंगळी घालायची. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीचा चिखल रस्त्यानं येता-जाता उडणारच, त्याचे शिंतोडे माफ. पाणीच नसेल तर मातीवर हात मारून तोंडावरून आणि हातांवरून फिरवायचा, तेवढ्यानंही माणूस पाक होतो. मी घरी येऊन मशिदीच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिले, इतकी वर्षं जिच्यावर बोटांनी रेघोट्या ओढल्या तिच्याकडे. आणि सगळ्यात मी चकित झाले ते उष्ट्याच्या मसल्यानं, म्हणजे नियमानं. माणसाचं उष्टं पाणी पाक. कोणत्या माणसाचं? कोणत्याही. जातीचा, बिनजातीचा, आपल्या दीनाचा, दुसऱ्या दीनाचा. मी दोनदा वाचलं. आमच्या गावात कुणी कुठं पाणी भरायचं हे ज्याचं त्याला ठाऊक होतं, आणि इथं किताब म्हणत होती की माणसाच्या ओठाला लागल्यानं पाणी बाटतच नाही. परवा परभणीत नात मला विचारत होती, "नानी, नेलपॉलिश लावून वजू होतो का गं?" मी म्हटलं, नाही होत, आणि का नाही ते ऐक. तिला हवं होतं फक्त हो किंवा नाही. मोबाईलमध्ये मान घातली पोरीनं. मी आपली भिंतीला सांगत बसले.

त्याच सुमाराला अब्बांचं काहीतरी बिनसलं. एक दिवस ते पहाटे मशिदीत गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. महेबूबभाई, म्हणजे कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करणारा, तो बांग द्यायचा. तो विचारायला आला तर अब्बा म्हणाले, "गुडघे धरलेत रे. तुमी पढून घ्या." आता दिवसभर पिंजणापाशी उकिडवं बसणाऱ्याचे गुडघे मशिदीच्या वाटेवरच कसे धरतात? मला काही पटेना. आणि वाळत घातलेल्या लुंग्या! दोरीवर बघावं तर अब्बांच्याच लुंग्या. मी अम्माला म्हटलं, "अब्बा किती येळा अंग धुवायलेत गं?" तर ती फिस्कारली, "तुला काय करायचंय? तू चुलीकडं बघ." तिकडे मशिदीत जमातच मोडली. लोक येऊन आपापली नमाज पढून जायचे, पुढं कुणी उभं राहीना. पेशमाम आज येतील, उद्या येतील, असं चाललेलं.

एका दुपारी मी ते पाहिलं. अब्बांना वाटलं घरात कुणी नाही. त्यांनी वजू केला, जानमाज अंथरली, हात बांधून उभे राहिले. थोड्या वेळानं मान खाली गेली. तसेच वळले, मोरीत गेले, लुंगी बदलून आले, पुन्हा वजू, पुन्हा जानमाजीवर उभे. पुन्हा तेच. शेवटी त्यांनी जानमाज गुंडाळली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी दाराआड उभी. माझा बाप, ज्याच्या आवाजावर गाव उठतं-बसतं, तो असा हात टेकून बसलेला मी कधी पाहिला नव्हता. रात्री भांडी घासताना मी अम्माला खनपटीलाच बसले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "थेंब थांबंना झालेत. परभणीच्या डाक्तरनं गोळ्या दिल्या. वयाचं हाय म्हणला." मग राखेचा हात तसाच कपाळाला लावून म्हणाली, "नमाज सुटली त्यांची. जेवतात, पण घास खाली उतरत न्हाई."

तुम्ही म्हणाल, पेशमाम माणूस, त्याला यातला मसला ठाऊक नसावा? नव्हता. अब्बांना उर्दू वाचता येत नव्हती. कुराणातल्या सूरा पाठ होत्या, नमाज, जनाजा, निकाहाच्या दुआ, सगळं त्यांच्या बापाकडून कानानं आलेलं. थेंबानं वजू मोडतो, एवढं कानावर आलं होतं. त्यापुढचं आलं नव्हतं. परभणीत जाऊन कुण्या मौलानांना विचारावं, तर तोंड कसं उघडायचं? डॉक्टरला सांगतानाच त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आणि मग ओसरीवर तो धडा आला. पाळीपाळीनं वाचायचं असायचं, ती पाळी नेमकी माझी. ज्याच्या नाकातून रक्त थांबत नाही, ज्याची जखम सारखी वाहते, ज्याला लघवीचे थेंब इतके सतत येतात की एका नमाजीच्या अख्ख्या वेळात वजू करून फर्ज नमाज पढायचीही उसंत मिळत नाही, तो माजूर, म्हणजे ज्याची अडचण माफ आहे असा. त्यानं नमाज सोडू नये. दर नमाजीच्या वेळेला एकदा वजू करावा. ती वेळ संपेपर्यंत त्या थेंबांनी त्याचा वजू मोडत नाही.

मी तिथंच थांबले. अक्षरं डोळ्यांपुढं हलायला लागली. अहो, कुठल्या तरी दूरच्या शहरात, शेकडो वर्षांमागं, कुणीतरी दिव्याच्या उजेडात नाही तर उन्हात बसून माझ्या बापाचा विचार केला होता! त्याला ना ताडकळस ठाऊक, ना पिंजारी ठाऊक. पण भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस त्याला ठाऊक होता. त्या माणसाला परत जानमाजीवर कसं आणायचं याची त्यानं वाट काढली होती, आणि त्या माणसाला एक नावही देऊन ठेवलं होतं, म्हणजे त्याला आपलं दुखणं चारचौघांत उघडं करायला नको. माजूर. बस, एवढं म्हणायचं. कुठून आणि काय गळतंय ते विचारायचा कुणाला हक्क नाही. आज इतक्या वर्षांनीही हे लिहिताना माझा हात थांबतो. मी पुष्कळ वाचलं पुढं, डी.एड. केलं, मुलांना शिकवलं, पण किताबीतल्या एका ओळीनं मला असं आतून हलवून सोडलेलं दुसऱ्यांदा झालं नाही.

"थांबलीस का? पुढं वाच की," उस्तानीमा म्हणाल्या. मी पुढची ओळ वाचली, आणि माझ्या आनंदावर पाणीच पडलं. माजूराची स्वतःची नमाज होते. पण जो माजूर नाही, त्यानं माजूराच्या मागं पढलेली नमाज होत नाही. माजूरानं पुढं उभं राहून अशांची इमामत करू नये.

धडा संपल्यावर पोरी गेल्या, मी चपला शोधत रेंगाळले. उस्तानीमा पानाच्या डब्याशी खुडबुडत होत्या. मी म्हटलं, "उस्तानीमा, एखाद्या माणसाला यातलं अर्धंच सांगितलं तर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या ध्यानात आलं असणार, गावात जमात मोडल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं? पण त्यांनी नाव विचारलं नाही. "अर्धं तुला आवडलं म्हणून सांगशील, आन् अर्धं आवडलं न्हाई म्हणून गिळशील. मग तो मसला किताबीचा राहिला का तुझा झाला?" एवढं बोलून त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

घरी अम्माला सांगितलं. पहिली ओळ ऐकून तिनं माझा चेहराच धरला, "खरं बोलायलीस? किताबीत हाय?" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. दुसरी ओळ ऐकली आणि तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "हे न्हाई सांगायचं. शपथ हाय तुला. नमाजीचं सांग, इमामतीचं राहू दे. त्यो आवाजच काढून घेतलास तर मानूस राहील का गं?" माझा जीव टांगणीला. न सांगावं तर ते तसेच भिंतीकडे बघत बसणार. अर्धं सांगावं तर ते उद्याच मशिदीत पुढं उभे राहणार, आणि मागं उभ्या असलेल्या सगळ्यांची नमाज वाया. पूर्ण सांगावं तर अम्मा म्हणते ते होणार. आणि मुळात सांगावं कसं? बापाशी असलं बोलायचं कोणत्या तोंडानं?

एक रीत होती, तीच कामाला आली. सबक पाठ करायचा तो मोठ्यानं, अंगणात बसून, घरातल्यांना ऐकू जाईल असा. पोरगी शिकतेय की टंगळमंगळ करतेय हे त्यातून कळायचं. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर अब्बा ओसरीत पिंजत होते. मी अंगणात त्यांच्याकडे पाठ करून बसले, किताब मांडीवर घेतली आणि उर्दूतला एकेक मसला वाचून आमच्या बोलीत सांगायला लागले. आधी विहिरीचा, मग मांजराचा. पिंजण चालू. मग मी माजूराचा सुरू केला. ताँय-ताँय, ताँय, आणि तात थांबली. मी वळून पाहिलं नाही.

"परत वाच," अब्बा म्हणाले.

मी परत वाचलं.

मग अगदी हळू, "कपड्याचं काय लिवलंय?"

मी बोट फिरवत ओळ शोधली. धुतलेला कपडा नमाज संपायच्या आत पुन्हा भरत असेल, तर तो धुणं त्याच्यावर लाजिम नाही. तशीच पढावी. मी वाचलं, आणि मागं अब्बांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. चुलीपाशी अम्मा पदर तोंडाला लावून बसली होती. मी किताब मिटायला गेले.

"पुढं?"

"झालं अब्बा."

"तुझा आवाज झाल्यावानी न्हाई वाटला. पुढं वाच, बेटा."

मी अम्माकडे पाहिलं. ती मान हलवत होती, नको, नको. आणि मी वाचलं. एका दमात वाचलं, कारण थांबले असते तर पुन्हा वाचता आलं नसतं. मग अम्माच फुटली, "कोन सांगायलंय गावाला? थेंब कुनाला दिसायलेत?"

"ज्याला दिसायचे त्याला दिसायलेत," अब्बा म्हणाले. रागानं नाही. भुवयांवरचा कापूस त्यांनी तळहातानं पुसला. "बरोबर लिवलंय. माझं माझ्यापाशी. पण त्यांच्या नमाजीचा बोजा मी कसा घेऊ?" मग उठले, वजू केला, आणि अंगणातच जानमाज अंथरली. दुपार ढळल्यानंतरची नमाज होती ती, मनातल्या मनात पढायची. त्यांनी हात बांधले. मध्येच त्यांचा खांदा किंचित हलला, मला वाटलं आता वळतात. वळले नाहीत. सजद्यात गेले ते इतका वेळ उठेनात की अम्मा घाबरून पुढं झाली. उठले तेव्हा कपाळाला माती लागलेली, आणि दाढी ओली.

दिवस बुडायला आला तेव्हा त्यांनी महेबूबभाईला दारात बोलावून घेतलं. त्याच्या हाताला अजून सायकलीचं ग्रीस. अब्बा सरळ म्हणाले, "महेबूब, मी माजूर हाय. आजपासून तू पुढं उभा राहा, मी मागं पढतो."

महेबूबभाईचे डोळेच पांढरे झाले. "तोबा तोबा! तुमच्या म्होरं मी? पेशमाम, पंक्चर काढता काढता माझ्या सूरा उडून जायलेत. लोक जोडे मारतील मला!"

"कुनी मारत न्हाई. हात धू आधी, ते ग्रीस निघालं पायजे. त्याच्याखाली पानी जात न्हाई," अब्बा म्हणाले आणि त्याला मोरीवर घेऊन गेले, साबण दिला, स्वतः पाणी ओतलं. का माजूर, कसला माजूर, महेबूबभाईनं विचारलं नाही. तोही ओळखून असावा, पण त्या एका शब्दापुढं त्यानं पाय टाकला नाही.

बांग झाली. अम्मा तव्यावर भाकरी टाकून बसली, मी भिंतीला टेकून उभी. भिंतीपलीकडे महेबूबभाईचा आवाज लागला, पातळ, भेदरलेला. अम्मानं मान फिरवली. "हे ऐकायला ठेवलं व्हय मला," पुटपुटली. पहिली सूरा कशीबशी पार पडली. दुसरी सुरू झाली, थोडी पुढं गेली आणि मधेच अडली. त्यानं मागची ओळ पुन्हा घेतली, पुन्हा तिथंच अडला. कुणी खोकेना. अल्ला, याला आठवू दे, एवढंच माझ्या मनात.

आणि मागच्या रांगेतून अब्बांचा आवाज आला. तोच, खोलातला. इमाम विसरला तर मागं उभ्या असलेल्यानं पुढची ओळ सांगायची, तेवढं चालतं, नमाज मोडत नाही. अब्बांनी एकच ओळ पढली, महेबूबभाईच्या हातात द्यावी तशी, आणि लगेच गप्प झाले. महेबूबभाईनं ती उचलली आणि पुढं चालू लागला, आता जरा धिटाईनं. अम्माचा हात भाकरीवर तसाच. भाकरी करपायला लागली तरी तिला भान नाही. मी भिंतीला गाल लावून रडत होते. माझा बाप हरला असं मला तोवर वाटत होतं. त्या क्षणी कळलं की हरल्याचा आवाज असा नसतो. एवढा मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

अब्बा घरी आले, टोपी खुंटीला अडकवली. अम्मानं त्यांच्याकडे न बघता विचारलं, "कसं झालं?"

"माझी बी झाली," अब्बा म्हणाले, "त्यांची बी झाली." आणि ताट ओढून जेवायला बसले.